पुरावा तोच, निकाल वेगळे: त्सिल्कोतीन लोकांचा जमिनीचा खटला

२७ जून २०१२ रोजी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या अपील कोर्टाने त्सिल्कोतीन लोकांना सांगितलं की, तुम्ही मागता त्या मुलखावर तुमची मालकी सिद्ध होत नाही. २६ जून २०१४ रोजी, म्हणजे दोन वर्षांना एक दिवस कमी असताना, देशाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की होते, आणि तीही सुमारे १,७०० चौरस किलोमीटरवर. मधल्या काळात कुणी नवा साक्षीदार उभा राहिला नव्हता, की कुठे नवं उत्खनन झालं नव्हतं. पुरावा होता तोच राहिला.

बदलली ती मोजपट्टी. जमीन पूर्वापार कुणाच्या ताब्यात होती हे ठरवायचं कसं, या एका प्रश्नाचं उत्तर दोन कोर्टांनी दोन तऱ्हांनी दिलं आणि सगळा खटला त्यावर फिरला. मूळनिवासी विरुद्ध सरकार अशी बातमी आली की आपण आधी कोण जिंकलं ते बघतो. या खटल्यात मला जास्त रस आहे तो अपिलात नेमकं काय तपासलं जातं यात, कारण इतक्या वर्षांची लढाई शेवटी तिथेच निकालात निघाली.

आधी माणसं आणि मुलूख. त्सिल्कोतीन हा सहा गटांचा मिळून एक समाज, लोकसंख्या सुमारे ३,०००. ब्रिटिश कोलंबियाच्या मध्यभागी, नद्या आणि डोंगरांनी वेढलेल्या भागात तो राहतो. त्यांचं जुनं जगणं अर्धभटकं होतं. हिवाळ्यात एका जागी मुक्काम, बाकी वर्षभर ठरलेल्या वाटांनी फिरणं: सॅमन मासे वर चढायला लागले की नदीकाठी, डोंगरातले कंद तयार झाले की उंचावर, शिकारीच्या दिवसांत आणखी कुठे. नांगरट नाही, कुंपण नाही, आणि जमिनीच्या नोंदींची वही तर नाहीच. पुढे कोर्टात घोडं अडलं ते नेमकं यावर.

१९८३ साली प्रांत सरकारने या मुलखाच्या एका भागात झाडं तोडायचा परवाना कॅरियर लंबर या कंपनीला दिला. सहा गटांपैकी हनी ग्वेतीन या गटाने हरकत घेतली. कोर्टात दावा गेला, पण वाद कोर्टापुरता राहिला नाही. ट्रक जावेत म्हणून कंपनी एक पूल मजबूत करत होती, तो पूलच लोकांनी अडवून धरला. शेवटी प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी शब्द दिला की हनी ग्वेतीन लोकांच्या संमतीशिवाय इथे तोड होणार नाही, तेव्हा लोक पुलावरून उठले. मग वनखात्याबरोबर बोलणी सुरू झाली आणि तोडीचा पहिला हक्क कुणाचा या मुद्द्यावर फिसकटली.

तोवर मागणी साधी होती: आमच्या भागात तोड थांबवा. १९९८ मध्ये दाव्यात दुरुस्ती झाली आणि सगळ्या त्सिल्कोतीन लोकांच्या वतीने थेट जमिनीवरच्या मालकीचा हक्क मागितला गेला. वादी म्हणून नाव होतं हनी ग्वेतीनचे प्रमुख रॉजर विल्यम यांचं. एका परवान्याच्या भांडणातून जमिनीच्या मालकीचा मोठा खटला उभा राहिला तो असा. हे पाऊल धाडसाचंच म्हणायला हवं, कारण कॅनडात तोपर्यंत कुठल्याही कोर्टाने कुठल्याही मूळनिवासी समाजाची अशी मालकी एका विशिष्ट जमिनीवर जाहीर केलेली नव्हती.

पण हा प्रश्न इतकी वर्षं सुटलेला कसा नव्हता? कॅनडाच्या बऱ्याच भागांत ब्रिटिश राजसत्तेने मूळनिवाशांशी तह केले. १७६३ च्या राजघोषणेत तसा दंडकच होता: त्यांच्या जमिनी परस्पर कुणी घ्यायच्या नाहीत, घ्यायच्या तर राजसत्तेने, रीतसर. त्या तहांमध्ये लबाडी किती झाली हा वेगळा विषय, पण निदान कागद झाला. ब्रिटिश कोलंबियात मात्र व्हँकूव्हर बेटावरचे काही तुकडे आणि ईशान्येकडचा एक पट्टा सोडला तर जवळपास तहच झाले नाहीत. सरकारने जमीन आपली धरली आणि कारभार चालवला. बरं, लोकांनी कोर्टात जावं, तर १९२७ ते १९५१ या काळात केंद्राच्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’मध्ये, म्हणजे मूळनिवाशांसाठीच्या कायद्यात, कलमच होतं की सरकारी परवानगीशिवाय जमिनीच्या दाव्यासाठी मूळनिवाशांकडून पैसे गोळा करणं हा गुन्हा आहे. वकिलाची फी भरणं हाच गुन्हा झाल्यावर दावा लावणार कसा? प्रांतातला जमिनीचा प्रश्न असा शंभरेक वर्षं भिजत घोंगड्यासारखा पडून राहिला.

त्यातून वाट निघाली ती कोर्टातूनच, आणि तीही हरलेल्या खटल्यांमधून. १९७३ मध्ये निस्गा लोकांचा दावा सुप्रीम कोर्टात आला. तो इतिहासात ‘कॉल्डर खटला’ म्हणून ओळखला जातो. सात न्यायमूर्तींपैकी तिघे एका बाजूला, तिघे दुसऱ्या, आणि सातव्यांनी दावा तांत्रिक कारणावरून फेटाळला. निकाल निस्गांच्या विरोधात गेला. पण सातांपैकी सहांनी एक गोष्ट मान्य केली होती की इंग्रज येण्याआधीपासूनचा जमिनीवरचा हक्क हा कायद्याला ओळखीचा हक्क आहे. त्यानंतर केंद्र सरकारने वाटाघाटींचं धोरण आणलं. १९८२ च्या राज्यघटनेत कलम ३५ आलं आणि मूळनिवाशांच्या हक्कांना घटनेचं संरक्षण मिळालं. मग १९९७ चा ‘डेलगामूक’ निकाल. गिटक्सान आणि वेट्सुवेटेन समाजांच्या या खटल्यात सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेला इतिहास हा पुरावा म्हणून लेखी कागदाच्या बरोबरीने विचारात घ्यायचा. दुसरी, मालकी सिद्ध करायची तर ब्रिटिश सत्ता आली त्या वेळी जमीन पुरेशा प्रमाणात, आणि इतरांना वगळून, त्या समाजाच्या ताब्यात होती हे दाखवायचं. आजच्या वहिवाटीचा आधार घ्यायचा असेल तर ती तेव्हापासून चालत आलेली असली पाहिजे. ब्रिटिश कोलंबियासाठी ती वेळ धरतात १८४६. पण त्या खटल्यात जमीन कुणाच्याच पदरात पडली नाही. फेरसुनावणीचा आदेश झाला आणि ती कधी झालीच नाही.

निकष होता, पण तो एखाद्या खऱ्याखुऱ्या डोंगराला, नदीला लावून कुणी पाहिला नव्हता. त्सिल्कोतीन खटल्याचं महत्त्व हे.

इथे कोर्टांच्या नावांचा एक गोंधळ आधी निस्तरतो, नाहीतर पुढचं सगळं उलटंपालटं वाटेल. ‘ब्रिटिश कोलंबिया सुप्रीम कोर्ट’ हे नाव ऐकून आपल्याला वाटतं शेवटचं कोर्ट. तसं नाही. तिथे साक्षी-पुरावे होतात, ते खटला चालवणारं कोर्ट आहे. त्याच्यावर प्रांताचं अपील कोर्ट. आणि सगळ्यांत वर ओटावात बसणारं ‘सुप्रीम कोर्ट ऑफ कॅनडा’. बातमीत नुसतं ‘सुप्रीम कोर्ट’ असं आलं की कुठलं, हे पाहून घ्यावं.

तर खालच्या कोर्टात न्यायमूर्ती डेव्हिड व्हिकर्स यांच्यापुढे २००२ मध्ये सुनावणी सुरू झाली. ती चालली ३३९ दिवस, पाच वर्षांच्या काळात पसरून. इतिहासकार आले, पुरातत्त्वज्ञ आले, जुने व्यापारी आणि अधिकारी यांच्या नोंदवह्या उलगडल्या गेल्या. पण मोठा भाग होता वृद्धांच्या साक्षींचा. काही काळ कोर्ट शहरातून उठून थेट त्या खोऱ्यातच भरलं, तिथल्या शाळेत. न्यायमूर्तींनी मुलखात फिरून जागा डोळ्यांनी पाहिल्या. कोण कुठे हिवाळा काढायचं, कंद कुठल्या उतारावर खणायचे, मासे कुठल्या वळणावर धरायचे, परक्याला आत यायचं तर काय करावं लागे, हे एकेक करून नोंदलं गेलं. उलटतपासणीही झाली, कारण केंद्र आणि प्रांत अशी दोन्ही सरकारं या मालकीच्या विरोधात उभी होती.

एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: दावा सगळ्या त्सिल्कोतीन मुलखावर नव्हता. आपला परंपरागत मुलूख म्हणून ते जो सांगतात, त्याच्या पाचेक टक्के भागाचाच हा खटला होता. त्या भागात सुमारे २०० त्सिल्कोतीन राहत होते, आणि मूठभर इतर लोक. तेही त्सिल्कोतीनांच्या बाजूने. दुसऱ्या कुठल्या मूळनिवासी समाजाचा त्यावर दावा नव्हता. खाजगी मालकीच्या जमिनीही वादातून बाहेर ठेवल्या गेल्या. वकिली डावपेच म्हणून पाहिलं तर हा फार हुशारीचा भाग होता. प्रश्न जितका स्वच्छ ठेवता येईल तितका ठेवला.

नोव्हेंबर २००७ मध्ये व्हिकर्स यांचा शेकडो पानांचा निकाल आला आणि त्यात एक विचित्र गोष्ट घडली. पुराव्यावरून मागितलेल्या क्षेत्राच्या साधारण निम्म्याला थोड्या कमी भागावर त्सिल्कोतीनांची मालकी सिद्ध होते, असं त्यांनी सविस्तर लिहिलं. तरी तशी घोषणा मात्र केली नाही. कारण? दावा मांडताना ‘सगळं क्षेत्र’ मागितलं होतं, ‘किंवा त्याचा काही भाग’ असं म्हटलेलं नव्हतं, आणि सगळ्या क्षेत्राबद्दल पुरावा पुरला नव्हता. ३३९ दिवसांनंतर दावा अडला तो मागणीच्या मसुद्यावर. आपलं मत वाटाघाटींना उपयोगी पडावं अशी आशा त्यांनी व्यक्त केली, आणि दोन बाजूंच्या झुंजीतून असे प्रश्न सुटत नाहीत हेही सांगितलं. शिकारीचे, सापळे लावण्याचे आणि रानघोडे पकडून वापरण्या-विकण्याचे हक्क मात्र त्यांनी मान्य केले.

कुणाचंच समाधान झालं नाही. त्सिल्कोतीन अपिलात गेले, प्रांत सरकार गेलं, केंद्रही गेलं.

अपील म्हणजे काय, हे इथे थोडं थांबून पाहायला हवं. परीक्षा पुन्हा द्यायची नसते. लिहिलेल्या पेपरचीच फेरतपासणी असते. अपील कोर्टात साक्षीदार येत नाहीत. वकील येतात, आणि खालच्या कोर्टाच्या निकालात चूक कुठे आहे ते दाखवतात. चूक दोन प्रकारची. एक वस्तुस्थितीतली: म्हणजे या नदीकाठी १८४६ मध्ये लोक राहत होते की नव्हते. अशा बाबतीत वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही. ज्याने साक्षीदाराला समोर पाहिलं, ऐकलं, त्याचं म्हणणं ढळढळीत चुकीचं असल्याशिवाय मोडायचं नाही, असा नियम आहे. दुसरी चूक कायद्यातली: म्हणजे ‘ताबा’ मानायला किती आणि कशा प्रकारचा वापर लागतो. इथे वरचं कोर्ट मोकळं असतं. खालच्याने चुकीचा निकष लावला असं वाटलं, की ते आपला निकष लावतं.

त्यामुळे ज्याला मोठा खटला उलटवायचा असतो, तो वकील ‘हे खोटं बोलले’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘यांनी सांगितलेलं सगळं खरं धरलं, तरी कायद्याला ते पुरत नाही.’ दोन्ही सरकारांच्या भूमिकेचा गाभा हाच होता.

अपील कोर्टाला तो पटला. न्यायमूर्ती ग्रोबरमन यांनी लिहिलेल्या निकालाचं म्हणणं थोडक्यात असं: मालकीसाठी जागा नेमकी पाहिजे, तिच्या हद्दी सांगता आल्या पाहिजेत आणि तिथे सतत, घट्ट वापर दिसला पाहिजे. उदाहरणं काय, तर गावठाणाची जागा, जनावरं मीठ चाटायला येतात ती ठिकाणं, दोन कड्यांमधली अरुंद खिंड, सॅमनला जाळं लावायचा एखादा खडक. अशा जागांवर मालकी होऊ शकते. त्यांच्या मधल्या विस्तीर्ण रानावर लोक शिकारीला, कंदमुळांना फिरत होते, तर तिथे शिकारीचा आणि गोळा करण्याचा हक्क आहे. पण जमीन त्यांची नाही. व्हिकर्स यांनी नोंदलेली वस्तुस्थिती अपील कोर्टाने फारशी मोडली नाही, हे लक्षात घ्या. मागणीच्या मसुद्यावरून दावा अडवायला नको होता, हेही म्हटलं. तरी निष्कर्ष उलटा.

या निकालाला नुसतं अन्यायी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यामागे एक तर्क होता. संस्कृती टिकायला महत्त्वाच्या जागा आणि वावरायचे हक्क मिळाले की पुरे. एवढ्या मोठ्या प्रदेशाची मालकी दिली तर बाकी समाजाशी मेळ घालणं अवघड होईल, असा तो विचार. माझ्या मते त्याची खरी अडचण दुसरीकडे आहे. घट्ट, सततचा वापर हा निकष गावात वस्ती करून राहणाऱ्याला सोयीचा असतो. जो समाज ऋतूप्रमाणे फिरून जगतो, तो त्या निकषात कधीच बसणार नाही, मग त्याने कितीही शतकं तो मुलूख सांभाळलेला असो. नकाशावर त्याच्या वाट्याला ठिपके येणार आणि ठिपक्यांमधलं सगळं सरकारचं.

सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली नोव्हेंबर २०१३ मध्ये. निकालाच्या वेळी न्यायमूर्ती आठच होते; नववी जागा रिकामी होती, कारण त्या जागेवरची नेमणूक कोर्टानेच रद्द ठरवली होती. आठही जणांचं एकमत झालं आणि निकाल लिहिला सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅक्लॉक्लिन यांनी.

त्यांनी निकष तेच ठेवले: पुरेसा ताबा, सातत्य, इतरांना वगळणं. पण ‘पुरेसा’ हे ठरवताना दोन्ही बाजूंनी बघायला सांगितलं, इंग्रजी कायद्याच्या नजरेने आणि त्या समाजाच्या स्वतःच्या रीतीनेही. आणि गंमत अशी की इंग्रजी कायद्यातसुद्धा ताबा म्हणजे पाय ठेवला तेवढीच जागा, असं कधी नव्हतं. आसपासच्या ज्या जमिनीवर माणसाचा अंमल चालतो, तीही त्यात येते. मग भटक्या समाजाला वेगळा, जास्त कडक नियम का?

यातला मला सर्वांत जोरदार वाटणारा भाग लोकसंख्येचा. १८४६ च्या सुमाराला तिथे त्सिल्कोतीन होते अवघे ४०० च्या आसपास. एवढ्या मोठ्या मुलखावर एवढीच माणसं, म्हणजे बहुतेक जमीन रिकामीच होती, असं वरवर वाटतं. कोर्टाने उलटा प्रश्न विचारला: ती जमीन पोसू किती शकते? उत्तर पुराव्यातच होतं. मुलूख इतका खडतर की तो जास्तीत जास्त १०० ते १,००० माणसांचं पोट भरेल. त्या हिशेबात ४०० हा आकडा विरळ उरत नाही. तीच संख्या एका मोजपट्टीवर तोकडी, दुसरीवर भरपूर.

इतरांना वगळण्याबाबतही तसंच. कुंपण नसलं तरी परक्यांना हुसकावून लावणं, जाऊ द्यायचं तर आधी परवानगी मागायला लावणं, युरोपीय व्यापाऱ्यांना आपल्या अटींवर वागायला लावणं, हे सगळं पुराव्यात होतं. मुलखावर अंमल म्हणतात तो हाच.

अशा ताब्यात लोक किती नियमितपणे आणि कुठे वावरत होते, हा शेवटी वस्तुस्थितीचा प्रश्न, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. आणि वस्तुस्थिती ठरवायची ती खालच्या कोर्टाने. व्हिकर्स यांनी ३३९ दिवस ऐकून ती ठरवलेली होतीच. सरकारचे तिच्यावरचे बहुतेक आक्षेप ‘घट्ट वापर हवा’ या चुकीच्या निकषातून आलेले आहेत, तो निकष गेला की आक्षेपही गेले. अशा रीतीने पाच वर्षं त्या खोऱ्यातल्या वृद्धांनी सांगितलेलं, सात वर्षांनी, दोन कोर्टं ओलांडून कामी आलं.

आता मालकी म्हणजे काय मिळालं? जमीन कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्क, तिच्यावर राहण्याचा, तिचा कारभार बघण्याचा, आणि तिच्यापासून होणारा आर्थिक फायदा घेण्याचाही. म्हणजे फक्त जुन्या पद्धतीची शिकार करा, असं बंधन नाही. आजच्या काळातले उद्योगही करता येतात. मर्यादा अशा की मालकी सगळ्या समाजाची, एकट्यादुकट्याची नव्हे. विकायची तर फक्त राजसत्तेला, म्हणजे सरकारला. आणि पुढच्या पिढ्यांना ती जमीन निरुपयोगी होईल असा वापर करता येणार नाही.

सरकारचं काय? निकालाच्या दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी असं चित्र उभं केलं गेलं की आता मूळनिवाशांना प्रत्येक प्रकल्पावर नकाराधिकार मिळाला. तसं झालेलं नाही. नियम असा आहे: मालकी सिद्ध झालेल्या जमिनीवर काही करायचं तर सरकारने संमती घ्यावी. संमती मिळाली नाही, तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतील. सल्लामसलतीचं कर्तव्य नीट पार पाडलं. हेतू खरोखरच सार्वजनिक आणि मोठा आहे. आणि त्या समाजाप्रती असलेली विश्वस्ताची जबाबदारी मोडली जात नाही, म्हणजे नुकसान गरजेपेक्षा जास्त नाही आणि फायद्याच्या मानाने अवाजवी नाही. खाणी, जंगलतोड, वीज, रस्ते ही कारणं यात बसू शकतात. फक्त ती सिद्ध करावी लागतात.

या खटल्यात सरकारला ती करता आली नाहीत. प्रांताने दोन कारणं दिली होती: तोडीचा आर्थिक फायदा आणि झाडांना लागलेल्या भुंग्याच्या रोगाला आळा. पुराव्यात दिसलं असं की तिथली तोड आर्थिकदृष्ट्या परवडणारीच नव्हती, आणि ती भुंगा रोखण्यासाठी आखलेलीही नव्हती. म्हणजे १९८३ च्या ज्या परवान्यावरून हे सगळं सुरू झालं, त्याचं समर्थन तीस वर्षांनीही उभं राहिलं नाही.

निकालातला एक भाग मात्र त्सिल्कोतीनांच्या बाजूचा नव्हता, आणि तो बातम्यांमधून बहुधा निसटतो. अशा जमिनीवर प्रांताचे कायदे मुळी लागूच होत नाहीत, फक्त केंद्राचे होतात, असं व्हिकर्स यांनी वनकायद्याबद्दल म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. प्रांताचे सर्वसाधारण कायदे लागू होऊ शकतात, पण घटनेच्या कलम ३५ च्या चाळणीतून जाऊन. सरकारी लाकडासाठी केलेला कायदा मात्र इथे चालणार नाही, कारण इथलं लाकूड आता सरकारचं नाही.

आणि एक इशारा, जो माझ्या अंदाजाने कंपन्यांच्या वकिलांनी सर्वांत लक्षपूर्वक वाचला असेल. मालकी सिद्ध होण्याआधी संमतीशिवाय प्रकल्प सुरू केला आणि पुढे मालकी सिद्ध झाली, तर तो प्रकल्प रद्दही करावा लागू शकतो. कोर्टाने हेही सांगितलं की ही भानगड टाळायची तर आधीच संमती घ्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जंगल साफ करून टाकायचं, ही जुनी चाल त्यामुळे महाग झाली.

निकालानंतर जमिनीवर काय बदललं, याचं एक छोटं उदाहरण पुरे. २०१७ च्या उन्हाळ्यात त्या भागात प्रचंड वणवे पेटले. जळालेल्या रानात पुढच्या वसंतात मोरेल नावाची महागडी अळंबी भरपूर उगवते आणि ती गोळा करायला बाहेरून झुंडीने लोक येतात. २०१८ मध्ये त्सिल्कोतीन सरकारने आपल्या हद्दीत अळंबी वेचायला आणि विकत घ्यायला परवाने लागू केले. कुणी कुठे तंबू ठोकायचा, कचऱ्याचं काय करायचं, कुठल्या भागात जायचंच नाही, हे त्यांनी ठरवलं. १८४६ च्या आधी परक्यांना परवानगी मागायला लावणारे लोक हेच, असं कोर्टाने मान्य केलं होतं. फरक इतकाच की आता परवानगी कागदावर मिळते.

जुनी एक जखमही याच काळात सरकारला मान्य करावी लागली. १८६२ मध्ये देवीच्या साथीने या भागातले मूळनिवासी मोठ्या संख्येने मेले. १८६४ मध्ये किनाऱ्याकडून सोन्याच्या खाणींकडे जाणारा रस्ता त्सिल्कोतीन मुलखातून काढायचं काम सुरू होतं, तेव्हा त्यांच्या योद्ध्यांनी रस्त्याच्या कामगारांवर हल्ला केला. पुढे बोलणीसाठी म्हणून आलेल्या प्रमुखांना पकडून पाच जणांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फाशी दिलं गेलं, सहाव्याला पुढच्या वर्षी. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रांताच्या मुख्यमंत्री क्रिस्टी क्लार्क यांनी विधिमंडळात, आणि मार्च २०१८ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत, हे सहाही जण निर्दोष होते असं जाहीर करून माफी मागितली. ज्याला तेव्हा खून म्हटलं गेलं, ते दोन समाजांमधलं युद्ध होतं, ही त्सिल्कोतीनांची बाजू अधिकृतपणे मान्य झाली.

बाकी समाजांना हा रस्ता किती मोकळा झाला? थोडा. व्हँकूव्हर बेटाजवळच्या नूटका बेटावर नुचाटलाट लोकांनी सुमारे २०० चौरस किलोमीटर मागितले. २०२४ मध्ये कोर्टाने त्यातल्या साधारण ११ चौरस किलोमीटरवरच मालकी मानली, आणि ते अपिलात गेले. त्याच वर्षी हैदा लोकांनी मात्र कोर्टाच्या अंतिम निकालाची वाट न बघता प्रांत सरकारशी करार केला आणि सगळ्या हैदा ग्वाई द्वीपसमूहावर त्यांची मालकी मान्य झाली. ३३९ दिवसांची साक्ष कुणाला परवडणार, हा हिशेब दोन्ही बाजूंना कळतो.

सध्या सगळ्यांचं लक्ष आहे ते काउइचन लोकांच्या खटल्याकडे. व्हँकूव्हरला लागून असलेल्या रिचमंड शहरात, फ्रेझर नदीच्या काठी त्यांचं एक जुनं गाव होतं. ५१३ दिवसांच्या सुनावणीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया सुप्रीम कोर्टाने, म्हणजे पुन्हा त्या खालच्याच कोर्टाने, तिथल्या काही जमिनीवर त्यांची मालकी जाहीर केली. प्रांत सरकारसह अनेक पक्ष अपिलात गेले आहेत. तिथे घरं आहेत, गोदामं आहेत, आणि लोकांकडे सरकारने दिलेली मालकीपत्रं आहेत. जुनी सामूहिक मालकी आणि हे खाजगी मालकीपत्र एकाच जमिनीवर एकत्र नांदू शकतं का, आणि नसेल तर कुणाचं वर, हा प्रश्न आता अपील कोर्टापुढे आहे. त्सिल्कोतीन निकालात त्याचं उत्तर शोधून उपयोग नाही. खाजगी जमिनी त्या खटल्यातून आधीच वगळल्या होत्या, त्यामुळे तिथे तो कुणी विचारलाच नव्हता.